पिशवी घेऊन या: गावात औषध-तपासणी कशी भरवावी

काउंटरवर आपल्या हातात चिठ्ठी येते. चिठ्ठीत डॉक्टरांनी काय लिहिले ते असते, घरी माणूस काय गिळतो ते नसते. ते पाहायचे तर घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून आणायला सांगावे लागते. डब्यातली, फ्रिजमधली, देव्हाऱ्याजवळची, शेजारणीने दिलेली, सगळी. अशी तपासणी गावात कशी भरवायची आणि ती भरवता भरवता नव्या मुलींना कसे तयार करायचे, ते मी इथे लिहिते आहे. फार्मसीचे शिक्षण झालेल्या आणि आपल्या गावासाठी काही करावे असे वाटणाऱ्या मुलींसाठी मुख्यतः हे आहे.

मी डिचोलीच्या बाजारात औषधांचे दुकान चालवते. शिकले पणजीच्या गोवा फार्मसी महाविद्यालयात, जे १९६३ पासून चालू आहे. आमच्याकडे फार्मसी झालेल्या पुष्कळ मुली वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतात. मीही काही वर्षे तिथे होते. काम मानाचे आणि शिस्तीचे होते. गोळीत औषध नेमके किती आहे, ती किती वेळात विरघळते, हे तिथे पक्के कळले. मात्र ती गोळी कोण, कधी, कशाबरोबर घेतो हे मला काउंटरवर कळले, आणि त्याहून जास्त देवळाच्या मंडपात.

जागा, वेळ आणि परवानगी

महिन्यातला एक रविवार ठरवा आणि तो बदलू नका. देवळाचा मंडप, पंचायतीचे सभागृह, कपेलाशेजारची खोली, काहीही चालते. मी मंडप निवडते, कारण सकाळच्या आरतीला म्हातारी माणसे तशीही येतात. चवथीचे दिवस, शिगमो, गावची जत्रा आणि भाताच्या लावणीचे आठवडे टाळा. देवस्थान समितीला आणि पंचायतीला आधी सांगा. जवळच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मात्र स्वतः जाऊन भेटा. आपण त्यांच्याच रुग्णांची औषधे पाहणार आहोत, हे त्यांना आपल्या तोंडून कळायला हवे. त्या एका भेटीमुळे पुढे आपल्या पत्रांना उत्तरे येतात.

निरोप स्वयंसहाय्य गटातल्या बायकांकडून फिरवा. फलकापेक्षा तो लवकर पोचतो. निरोपात दोनच गोष्टी असू द्यात: घरातली सगळी औषधे आणा, आणि इथे औषध मिळणार नाही.

दुसरी गोष्ट स्पष्ट सांगणे फार गरजेचे आहे. औषधविक्रीचा परवाना दुकानाच्या जागेला असतो, आपल्या पिशवीला नसतो. मंडपात एक गोळीही विकायची नाही, फुकटसुद्धा द्यायची नाही. कंपनीचा प्रतिनिधी नमुने घेऊन आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. लोकांचा आपल्यावरचा विश्वास यावरच टिकतो. ही बाई काही विकायला आलेली नाही हे एकदा कळले, की माणसे पिशवीच्या तळातले पाकीटही बाहेर काढतात.

सामान थोडेच लागते: दोन टेबले, चार खुर्च्या, एक पडदा, रक्तदाबाचे चांगले यंत्र, भिंग, जाड काळे मार्कर, कोरे कागद, एक वही आणि पांढरा कोट. कोटावर नाव आणि नोंदणी क्रमांकाची पट्टी हवी. साखर तपासायला मी मंडपात बोटे टोचत नाही. वापरलेल्या सुयांची नीट विल्हेवाट लावायची सोय नसेल तर तुम्हीही टोचू नका. पडद्याला फाटा देऊ नका. झोपेची गोळी, मनाच्या आजाराची गोळी, पाळणा लांबवायची गोळी, यांबद्दल कोणीही बाई चारचौघांत बोलणार नाही.

काय विचारायचे आणि कसे

गोव्यात आपण वाचतो-लिहितो मराठीत, पण दुखणे सांगतो कोकणीत. म्हणून प्रश्न घरच्या बोलीत विचारा. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमी सकाळीं उठून पयलीं कितें घेतात?" मग दिवस पुढे सरकवत न्यायचा. चहाच्या आधी काय, पेजेनंतर काय, जेवल्यावर काय, झोपताना काय. "औषधे वेळेवर घेता ना?" असे कधीही विचारू नका. त्याला "हो" हे एकच उत्तर मिळते, आणि ते आपल्याला बरे वाटावे म्हणून दिलेले असते.

प्रत्येक पाकीट माणसाच्या हातात द्या आणि तीन गोष्टी विचारा: हे कशासाठी, हे कसे घेता, हे घेतल्यावर काय होते. उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. आपल्या शिक्षणाने आपल्याला उत्तर द्यायची घाई लावलेली असते. मुलींना मी सगळ्यात जास्त वेळ हेच शिकवते, की समोरची आजी थांबली तरी मनातल्या मनात चार आकडे मोजा. बहुतेक वेळा ती पुढे बोलते, आणि कामाचे असते ते त्या पुढच्या वाक्यात.

सुनेला किंवा मुलाला उत्तरे देऊ देऊ नका. त्यांचे नंतर ऐका. गोळ्या घरात कोण काढून देते, हे मात्र आवर्जून विचारा. पुष्कळ घरांत ते काम शाळकरी नात करते. मग समजावायचे तिलाच.

पिशवीत काय सापडते

सगळ्यात जास्त सापडते ते एकच औषध दोन नावांनी. आरोग्य केंद्रातून किंवा बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातून) मिळालेल्या पाकिटावर औषधाचे मूळ नाव असते, समजा रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन. नंतर माणूस खाजगी डॉक्टरकडे जातो आणि तेच ॲम्लोडिपिन कंपनीच्या नावाने घरी येते. रंग वेगळा, आकार वेगळा, पाकीट वेगळे, म्हणजे औषधही वेगळे असे त्याला वाटते आणि तो दोन्ही घेतो. म्हणून प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरातले मूळ नाव भिंगातून वाचा आणि कागदावर तेच लिहा, कंपनीचे नाव कंसात. दुहेरी औषध मग आपोआप समोर येते. तापाच्या आणि सर्दीच्या गोळ्यांचेही असेच असते. दोन्हींत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असते, आणि मोठ्या माणसाच्याही पोटात ते दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये.

दुसरी गोष्ट, एका औषधाचा त्रास दुसऱ्या औषधाने झाकलेला असतो. ॲम्लोडिपिनने काही जणांचे पाय सुजतात. सूज दाखवायला माणूस दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि लघवीची गोळी घेऊन येतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या गटाने काहींना कोरडा खोकला लागतो, आणि पिशवीत खोकल्याच्या तीन बाटल्या निघतात. म्हणून प्रत्येक औषध कधी सुरू झाले ते विचारून सनावळी मांडा. त्रास आधी की गोळी आधी, हे कागदावर दिसले पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध रोज घेतले जाते. ६०,००० युनिटचे ड जीवनसत्त्व असे रोज घेणारे भेटतात. संधिवातासाठी दिलेले मेथोट्रेक्सेट कोणी रोज घेत असेल तर मात्र पत्र लिहीत बसू नका. उठा, डॉक्टरांना फोन करा आणि माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. त्याने रक्तपेशी घटतात आणि जीव जाऊ शकतो. साप्ताहिक औषधाच्या पाकिटावर मी मार्करने मोठ्या अक्षरांत वार लिहिते: "फक्त सोमवारी".

दम्याच्या रोटाकॅप, म्हणजे यंत्रात घालून श्वासाने ओढायच्या कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळणारी माणसे आजही भेटतात. कॅप्सूल दिसली की गिळायची, हे इतके स्वाभाविक आहे की त्यांना हसू नये आणि रागावू तर अजिबात नये. यंत्र आणायला सांगा, तुमच्यासमोर औषध ओढायला लावा, नंतर चूळ भरायला सांगा. फवाऱ्याचा पंप असेल तर दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसतो का ते पाहा. बसत नसेल तर स्पेसरबद्दल (पंपाला जोडायच्या नळकांड्याबद्दल) डॉक्टरांना विचारायला सांगा.

थायरॉइडची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमची त्यामागोमाग, ही जोडी बायकांच्या पिशवीत नेहमीची. थायरॉक्सिन उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावे, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी. एवढा बदल केला तरी पुष्कळांचा अहवाल सुधारतो, औषध वाढवावे लागत नाही.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज घेणाऱ्यांना रक्तदाब, मूत्रपिंड आणि पोटातल्या अल्सरबद्दल विचारा. सोबत ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल तर त्यांचा कागद वर ठेवा. "मधुमेह मुळापासून बरा" असे छापलेल्या पुड्याही निघतील. असा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे, हे सांगा. पण पुडी घेणाऱ्याला दोष देऊ नका. ती पुडी सुरू केल्यावर त्याने साखरेची गोळी बंद तर केली नाही ना, हे आधी शोधा.

आपल्या हवेचे आणि आपल्या हंगामाचे

पुस्तकात "थंड व कोरड्या जागी ठेवा" असे छापलेले असते. पावसाळ्यातल्या गोव्यात कोरडी जागा आपल्याला घडवावी लागते. गोळ्या पाकिटातून काढून डबीत ओतून ठेवू नका, फक्त आठवड्याभराच्या काढा. गॅसजवळचे फडताळ आणि न्हाणीघर टाळा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नव्हे, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वाया जाते. वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, म्हणून उघडल्याची तारीख त्यावर लिहायला लावा. मे महिन्यात वीज गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली मातीची कुंडी घरोघर असते, ती वापरा.

काजूच्या हंगामात उर्राकाबद्दल, म्हणजे काजूच्या दारूबद्दल, थेट विचारा. लाजू नका आणि उपदेशही करू नका. जुलाबासाठी वगैरे दिले जाणारे मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यानंतरही निदान दोन दिवस उर्राक, फेणी काही नको, उलट्या होऊन माणूस बेजार होऊ शकतो. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर उपाशीपोटी घेतलेली दारू साखर धोकादायक खाली आणते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा पाहायचे, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा. हे घरातल्या दोघांना तरी पाठ करून घ्या.

पावसात ओल्या कपड्यांनी गजकर्ण होते आणि पिशवीत स्टेरॉइड मिसळलेली मलमे निघतात. दोन दिवस खाज थांबते, मग डाग पसरतो. ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकीने मनाशी पक्के करावे. तापाचेही तसेच. डेंग्यू आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो, आणि सत्तरीत २०१५ मध्ये माकडताप पसरलेला आपण पाहिला आहे. ताप कशाचा ते कळेपर्यंत पॅरासिटामॉलच, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नाही, आणि रक्ततपासणी लांबवायची नाही.

आपली हद्द

आपण औषध बंद करत नाही, मात्रा बदलत नाही, डॉक्टरांच्या निवडीबद्दल रुग्णासमोर एक शब्द बोलत नाही. आपण पाहतो, नोंदवतो आणि कळवतो. १९४८ चा फार्मसी कायदा आणि २०१५ चे व्यवसाय-नियम आपल्याला रुग्णाला समजावून सांगण्याचे काम देतात, निदान करण्याचे नाही.

पत्र लहान असावे आणि त्यात दोषारोप नसावा. नमुना असा: "आदरणीय डॉक्टर, आपले रुग्ण, वय ७२, सध्या ॲम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. दोन वेगवेगळ्या पाकिटांतून घेत आहेत. एक आरोग्य केंद्रातले, दुसरे बाजारातून घेतलेले. दोन्ही पावलांना सूज आहे. आजचा रक्तदाब सोबत लिहिला आहे. पुढे कसे घ्यावे याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे." खाली नाव, नोंदणी क्रमांक, फोन. धोका असेल तर पत्राची वाट न पाहता मंडपातूनच फोन करा.

औषधाने त्रास झाल्याची शंका असेल तर ती राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवा. फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. फक्त डॉक्टरांनीच कळवायचे असते असा गैरसमज आहे. आपण कळवू शकतो, रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

मुलींना तयार करताना

डिप्लोमाच्या मुलांना ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. काही ठिकाणी ते तास फडताळे पुसण्यात आणि बिले करण्यात जातात. तसे होऊ देऊ नका. माझ्याकडे आलेली मुलगी पहिले काही आठवडे मूळ नावाने औषधे लावते, परिशिष्ट एच-१ ची (ज्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्यांची) वही भरते, आणि स्ट्रिप कापताना बॅच क्रमांक व मुदत असलेली बाजू शेवटपर्यंत राखायला शिकते. मुदतीत महिना छापलेला असला तर तो महिना संपेपर्यंत औषध चालते, हेही तिला सांगावे लागते, कारण घरी लोक महिन्याच्या पहिल्या तारखेलाच गोळ्या फेकतात.

मंडपात ती आधी फक्त लिहिते. मग रक्तदाब मोजते: माणूस पाच मिनिटे शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. मग प्रश्न ती विचारते आणि मी बाजूला बसते. शेवटी समजावण्याचे काम तिच्याकडे येते, आणि तिथे एक नियम आहे. "कळले ना?" विचारायचे नाही. "काकी, घरी गेल्यावर ही कशी घेणार ते मला दाखवा," असे म्हणायचे. काकीने चुकीचे दाखवले तर आपले सांगणे कमी पडले, पुन्हा सांगायचे.

मुलींशी औषधांव्यतिरिक्तही बोला. रात्रीची पाळी किती वाजता संपते, शेवटची कदंबा बस मिळते का, दुकानात बाईसाठी स्वच्छतागृह आहे का, पगार बँकेत जमा होतो का, हे नोकरी धरण्याआधी विचारायला त्यांना शिकवा. घरच्यांशी बोलावे लागले तर जा. लग्नानंतर काम सुटलेल्या मुलींना मी महिन्याच्या या एका रविवारी बोलावते. हात सुटत नाही, नोंदणीचे नूतनीकरण राहून जात नाही, आणि पुन्हा कामावर जायची हिंमत टिकते.

आणि प्रमाणपत्र भाड्याने देऊ नका. दर महिन्याला घरबसल्या काही रक्कम, फक्त नाव भिंतीवर लावायचे, अशी मागणी तुमच्याकडे नक्की येईल, कधी नात्यातूनच येईल. ज्या दुकानात तुम्ही बसत नाही तिथे तुमच्या नावाखाली कोणीतरी चुकीची गोळी देणार आहे. ती ज्याच्या पोटात जाईल त्याच्यासाठी त्या भिंतीवर तुमचे नाव होते. मी माझ्या मुलींकडून वचन घेते ते एवढेच एक.

उरलेली औषधे

मुदत संपलेल्या गोळ्या लोक तुमच्या टेबलावर सोडून जातील. त्या स्वीकारण्याआधी त्यांची विल्हेवाट कोण लावणार ते पक्के करा. आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवा, त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर त्या जाऊ शकतात का. तोपर्यंत यादी करून कुलपात ठेवा. विहिरीत, नदीत, न्हाणीच्या नळीत काही टाकू नका, परसात जाळूही नका. चांगल्या दिसणाऱ्या गोळ्या "गरिबांना देऊ" असे कोणी म्हटले तरी नाही म्हणा. त्या कशा ठेवल्या होत्या ते आपल्याला ठाऊक नसते.

एखादी मुलगी स्वतःच्या गावात, पेडण्यात किंवा सत्तरीत, अशी तपासणी भरवायला निघाली की पहिल्या रविवारी तिच्याबरोबर जा, पण टेबलाच्या मागच्या खुर्चीत बसा. लोक तुमच्याकडे पाहून विचारतील. तिच्याकडे बोट दाखवा. दुपारी मंडप रिकामा झाला की तिने लिहिलेली सगळी पत्रे एकदा वाचा, मात्रेचे आकडे पाकिटांच्या नोंदीशी ताडून पाहा, आणि सही तिलाच करू द्या. वही तिच्याकडेच राहू दे. पुढच्या महिन्यात त्याच माणसांना तिने फोन करून विचारायचे आहे, की डॉक्टर काय म्हणाले.